गुपित एक, चेन अनेक : मल्टिचेन वॉलेटच्या सुरक्षिततेचा विचार

क्रिप्टो वॉलेटमध्ये पैसे नसतात. बिटकॉइन, इथर किंवा यूएसडीटीची शिल्लक त्या त्या चेनच्या खातेवहीत नोंदलेली असते आणि ती खातेवही जगभरच्या संगणकांवर सांभाळली जाते. आपण फोनमध्ये घेतो ते ॲप खासगी किल्ली जपते आणि तिच्या साहाय्याने व्यवहारावर सही करते, एवढेच. ही व्याख्या आधी पक्की करायला हवी, कारण बहुतेक गैरसमज 'पैसे ॲपमध्ये आहेत' या समजुतीतून येतात. ॲप काढून टाकले म्हणून पैसे जात नाहीत, आणि ॲपला कितीही भक्कम पासवर्ड लावला तरी भलत्या व्यवहारावर सही झाली की पैसे राहत नाहीत.

मल्टिचेन वॉलेट एकाच सीड फ्रेजमधून बिटकॉइन, इथेरियम, ट्रॉन, सोलाना अशा अनेक चेनची खाती चालवते. सोय मोठी आहे. पण त्यामुळे धोका एका जागी गोळा होतो आणि उपाय मात्र प्रत्येक चेनवर वेगळा करावा लागतो. सुरक्षिततेचा सारा विचार या विषमतेभोवती फिरतो, असे माझे मत आहे.

सुरुवात मुळापासून करू. बारा शब्दांची सीड फ्रेज 2013 साली मांडलेल्या बीआयपी-39 या मानकाप्रमाणे तयार होते. शब्दसूची 2,048 शब्दांची आहे, म्हणजे प्रत्येक शब्द 11 बिटांचा. बारा शब्दांचे 132 बिट होतात. त्यांतले 128 यादृच्छिक असतात आणि 4 पडताळणीचे. सूचीतले कोणतेही बारा शब्द मनाने जुळवले, तर सोळांपैकी सरासरी एकच जुळणी वैध ठरते ती यामुळे. या शब्दांतून एक मूळ संख्या निघते आणि तिच्यातून ठरावीक मार्गाने प्रत्येक चेनच्या किल्ल्या काढल्या जातात. मार्गातला एक आकडा चेन सांगतो : बिटकॉइनसाठी 0, इथेरियमसाठी 60, ट्रॉनसाठी 195, सोलानासाठी 501.

हा मार्ग माहीत नसल्याने लोक फसतात. एका वॉलेटची सीड फ्रेज दुसऱ्यात टाकली आणि दुसऱ्याचा मार्ग निराळा असला, तर शिल्लक शून्य दिसते. माणूस घाबरतो, मदत शोधतो, आणि 'वॉलेट रिकव्हरी'च्या नावाखाली कोणीतरी त्याचे बारा शब्द काढून घेतो. खरे तर पैसे जागच्या जागी असतात. फक्त मार्ग बदलून पाहायचा असतो.

सीड फ्रेज दोन ठिकाणी कच्ची राहू शकते : तयार होताना आणि साठवताना. नोव्हेंबर 2022मध्ये ट्रस्ट वॉलेटच्या ब्राउझर एक्स्टेन्शनमध्ये यादृच्छिक संख्या काढणाऱ्या कोडात दोष शिरला होता. त्या काही दिवसांत तयार झालेल्या सीड फ्रेजची ताकद 128 बिटांऐवजी 32 बिटांवर आली, म्हणजे सुमारे 429 कोटी शक्यता. माणसाला हा आकडा प्रचंड वाटतो, संगणकाला नाही. त्याआधी, ऑगस्ट 2022मध्ये, सोलानावरील स्लोप वॉलेटच्या मोबाइल ॲपमधून वापरकर्त्यांच्या सीड फ्रेज नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरवर जात असल्याचे उघड झाले आणि हजारो वॉलेट रिकामी झाली. त्यातल्या ज्यांनी तीच सीड फ्रेज दुसऱ्या वॉलेटमध्येही वापरली होती, त्यांची ती वॉलेटही उघडी पडली. गॅलरीत ठेवलेला सीड फ्रेजचा स्क्रीनशॉटही असाच बाहेर पडतो : फोटोंतली अक्षरे वाचून असे शब्द हुडकणारे मालवेअर अधिकृत ॲप स्टोअरवरच्या ॲपमध्ये सापडल्याचे कॅस्परस्कीने फेब्रुवारी 2025मध्ये जाहीर केले. सीड फ्रेज कागदावर किंवा, पावसाळ्यात घराला ओल येत असेल तर, धातूच्या पट्टीवर लिहावी. फोन, ईमेल आणि व्हॉट्सॲप या तिन्हींपासून ती लांबच असावी.

आता नुकसानीची व्याप्ती. सीड फ्रेज फुटली तर तिच्यातून निघालेली सर्व चेनवरची सर्व खाती जातात. एकाच खात्याची खासगी किल्ली फुटली तर ते खाते जाते. पण इथेरियम, बीएनबी स्मार्ट चेन, पॉलिगॉन, आर्बिट्रम अशा ईव्हीएम कुळातल्या चेनवर तीच किल्ली चालते, म्हणून ते खाते या सर्वांवर जाते. एखाद्या टोकनची चुकीची मंजुरी दिली, तर त्या चेनवरचे त्या खात्यातले ते टोकन धोक्यात येते. आणि रक्कम चुकीच्या पत्त्यावर गेली तर तेवढी रक्कम जाते. या चार पायऱ्या नीट ओळखल्याशिवाय उपाय शोधू नये. एकाच सीडखाली पाच खाती उघडणारा माणूस मंजुरीच्या धोक्यापासून बराच वाचतो, पण सीड फुटण्यापासून त्याला कणभरही संरक्षण मिळत नाही. त्यासाठी सीडच वेगळी हवी.

सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते मंजुरीकडे. ईव्हीएम चेनवर एखादे ॲप आपले टोकन वापरणार असेल, तर आधी त्याच्या कॉन्ट्रॅक्टला 'इतके टोकन उचलायची परवानगी' द्यावी लागते. पुन्हापुन्हा विचारायला नको म्हणून अनेक ॲप अमर्याद रकमेची परवानगी मागतात. सही करून दिलेल्या कोऱ्या धनादेशासारखीच ही गोष्ट, आणि तिला मुदतही नसते. डिसेंबर 2021मध्ये बॅजरडाओ या प्रकल्पातून सुमारे 12 कोटी डॉलर गेले ते याच वाटेने. चोरांनी संकेतस्थळात कोड घुसवून लोकांकडून जादा मंजुऱ्या आधीच गोळा करून ठेवल्या आणि नंतर एकदम उचल केली. सीड फ्रेज कोणाचीच फुटली नव्हती. 'पर्मिट' हा प्रकार याहून नाजूक : त्यात मंजुरी फक्त सहीने दिली जाते, गॅस म्हणजे व्यवहाराचे शुल्क लागत नाही, आणि ती वापरली जाईपर्यंत खात्याच्या इतिहासात काहीच दिसत नाही.

इथेच मल्टिचेनची अडचण उभी राहते. पॉलिगॉनवर मंजुरी रद्द केली म्हणून बीएनबी चेनवरची रद्द होत नाही. प्रत्येक चेनवर जाऊन, तिथले नाणे गॅस म्हणून खर्चून, वेगळा व्यवहार करावा लागतो. म्हणून ज्या चेनवर टोकन आहेत, तिथे त्या चेनच्या मूळ नाण्याची थोडी शिल्लक कायम ठेवावी. गॅस संपलेले खाते संकटात हालचाल करू शकत नाही.

उलट दिशेची अडचण 2025मध्ये वाढली. 7 मे रोजी इथेरियमवर पेक्ट्रा सुधारणा लागू झाली. तिच्यातल्या ईआयपी-7702मुळे साध्या खात्याला आपले अधिकार एखाद्या कॉन्ट्रॅक्टकडे सोपवता येतात. त्या सहीत चेन क्रमांक शून्य असेल आणि खात्याचा व्यवहार क्रमांक जुळत असेल, तर तीच सही ही सोय स्वीकारलेल्या इतर चेनवरही चालते. म्हणजे एक बेसावध सही अनेक चेनवर पोहोचू शकते, आणि तिला निस्तरणारा व्यवहार मात्र चेनवार करावा लागतो.

पत्त्यांबद्दलचा एक समज तपासून घ्यायला हवा : ईव्हीएम चेनवर पत्ता सारखाच, म्हणून कुठेही पाठवले तरी चालते. किल्लीपासून बनलेल्या साध्या खात्याला हे लागू आहे. कॉन्ट्रॅक्ट वॉलेटला नाही, कारण त्याचा पत्ता अनेकदा ते कोणी आणि कितव्या व्यवहारात तयार केले यावरून ठरतो. 2022मध्ये ऑप्टिमिझम या ईव्हीएम चेनच्या चालकांनी विंटरम्यूट या व्यापारी कंपनीला 2 कोटी ओपी टोकन पाठवले. कंपनीने दिलेला पत्ता इथेरियमवरच्या तिच्या मल्टिसिग (अनेकांच्या सह्यांनी चालणाऱ्या) वॉलेटचा होता. ऑप्टिमिझम चेनवर ते वॉलेट उभारलेलेच नव्हते. तिसऱ्याच माणसाने इथेरियमवरचा जुना व्यवहार ऑप्टिमिझमवर पुन्हा चालवला, त्याच पत्त्यावर स्वतःच्या ताब्यातले वॉलेट उभे केले आणि टोकन उचलले. पुढे त्याने 1 कोटी 70 लाख परत केले. मुरलेल्या कंपनीकडून झालेली ही चूक घरगुती वापरकर्त्याकडून सहज होऊ शकते. मोठ्या रकमेआधी त्याच चेनवर किरकोळ रक्कम पाठवावी, आणि ती फक्त पोहोचली एवढ्यावर न थांबता तिथून परत काढून पाहावी.

इतिहासातून पत्ता कॉपी करणेही टाळावे. वॉलेट पत्त्याची पहिली आणि शेवटची मोजकी अक्षरेच दाखवते, म्हणून चोर तशीच अक्षरे असलेला पत्ता तयार करून आपल्या इतिहासात क्षुल्लक व्यवहार पेरतात. मे 2024मध्ये एकाने अशाच पत्त्यावर 1,155 रॅप्ड बिटकॉइन पाठवले. नंतर वाटाघाटीतून बहुतांश रक्कम परत मिळाली, पण ते नशीब सर्वांचे नसते.

हार्डवेअर वॉलेट घेतले की झाले, असेही मानता येत नाही. त्यात किल्ली बाहेर येत नाही हे खरे, पण सही कशावर होते आहे हे कळले पाहिजे. 18 जुलै 2024 रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या मल्टिसिग वॉलेटमधून 23 कोटी डॉलरच्या आसपास मालमत्ता गेली. पडद्यावर दिसलेला व्यवहार आणि प्रत्यक्ष सही झालेला व्यवहार वेगळे होते, असे कंपनीने सांगितले. फेब्रुवारी 2025मध्ये बायबिट या एक्स्चेंजचे सुमारे दीडशे कोटी डॉलर गेले तेव्हाही सही करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीचाच व्यवहार दिसत होता. सह्या अनेक होत्या, पण सर्वांनी एकाच पडद्यावर विश्वास टाकला. उपकरणाच्या छोट्या पडद्यावर पत्ता, रक्कम आणि चेन वाचता येत नसेल, तर सही करू नये.

यावरून मांडणी अशी निघते : बचतीची सीड वेगळी, हार्डवेअर वॉलेटवर, कोणत्याही ॲपला कधीही न जोडलेली. रोजच्या वापराची सीड दुसरी, तिच्यात गेले तरी घर हलणार नाही एवढीच रक्कम. मंजुरी हवी तेवढ्याच रकमेची, आणि काम झाले की त्या चेनवर रद्द.

गडबड झालीच, तर आधी कोणती पायरी फुटली ते ठरवा. फक्त मंजुरी चुकली असेल तर ती रद्द करून भागते. सीड फ्रेज फुटली असेल तर मंजुऱ्या रद्द करत बसण्यात वेळ जातो. दुसऱ्या उपकरणावर नवी सीड तयार करून, मोठ्या शिल्लकीच्या चेनपासून सुरुवात करत सर्व काही हलवा आणि जुनी सीड कायमची सोडून द्या. चेनवर पक्का झालेला व्यवहार पोलिसांना किंवा वॉलेट बनवणाऱ्या कंपनीला उलटवता येत नाही. मात्र पैसे एखाद्या एक्स्चेंजवर पोहोचले असतील, किंवा ते यूएसडीटीसारखे जारी करणाऱ्या कंपनीला गोठवता येणारे टोकन असेल, तर आशा असते. तेव्हा व्यवहाराचा हॅश, चेनचे नाव आणि दोन्ही पत्ते हाताशी घेऊन सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर त्याच तासाला तक्रार नोंदवा.