आरोपी, वार्ताहर आणि प्रेक्षक

नाटकाविषयी प्रेक्षक जे मत देतो, ते नाटकाविषयीच असते असे आपण सहसा धरून चालतो. परंतु एकच कथा दोन-तीन पिढ्यांपुढे यावी आणि प्रत्येक पिढीने तिचा वेगळा निवाडा करावा, असे घडले म्हणजे त्या निवाड्यांतून नाटकापेक्षा प्रेक्षकाचीच ओळख अधिक पटते. प्रसिद्धीची हाव आणि तिला खतपाणी घालणारी वृत्तपत्रे यांवर लिहिलेल्या ‘शिकागो’ या अमेरिकन नाटकाचा इतिहास या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे.

१९२४ साली शिकागो शहरात दारूबंदी होती आणि दारूही मुबलक होती. हर्स्ट यांची पत्रे आणि त्यांचे प्रतिस्पर्धी यांच्यात खळबळजनक बातम्यांसाठी अहमहमिका चाले. त्या वर्षी ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये मॉरीन डॅलस वॉटकिन्स ही सत्तावीस वर्षांची, ग्रीक-लॅटिनचा अभ्यास केलेली तरुणी वार्ताहर म्हणून रुजू झाली. मार्च महिन्यात बेल्वा गार्टनर या एकेकाळच्या गायिकेच्या मोटारीत तिचा मित्र गोळी लागून मेलेला आढळला. आपण मद्यधुंद होतो, काहीच आठवत नाही, एवढेच तिचे म्हणणे होते. एप्रिलमध्ये ब्यूला ॲनन या विवाहितेने आपल्या प्रियकरावर घरातच गोळी झाडली, आणि तो मरणोन्मुख असताना ती ग्रामोफोनवर नाचाची तबकडी लावून बसली होती. खटला उभा राहीपर्यंत तिच्या जबानीने अनेक रूपे घेतली. शेवटचे रूप असे होते की, दोघांनीही एकाच वेळी पिस्तुलाकडे हात नेला. मध्यंतरी आपण गरोदर असल्याचेही तिने जाहीर केले. मे महिन्यात ती निर्दोष सुटली आणि जूनमध्ये गार्टनरही सुटली. त्या काळी इलिनॉय राज्यात स्त्रियांना ज्यूरीत स्थान नव्हते. ते १९३९ साली मिळाले. निवाडा देणारे सगळे पुरुष होते, ही गोष्ट आरोपींच्या वकिलांनी पुरती ओळखली होती.

वॉटकिन्सबाईंनी या दोघींवर लिहिलेली वार्तापत्रे उपरोधाने भरलेली होती. तुरुंगातील सर्वांत देखणी कोण, सर्वांत ऐटदार कोण, याची वर्णने त्यांनी मुद्दाम भाटाच्या थाटात केली. वाचकांनी मात्र उपरोध बाजूला ठेवला आणि वर्णने तेवढी उचलली. फुले, पत्रे, छायाचित्रकार यांची तुरुंगात रीघ लागली. त्याच तुरुंगात साबेला निट्टी नावाची इटालियन स्त्री होती. तिला इंग्रजी येत नव्हते, राबून तिची काया रापलेली होती, आणि १९२३ साली अत्यंत लेच्यापेच्या पुराव्यावर तिला फाशीची शिक्षा झाली होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली आणि पुढे तिची सुटका झाली. पण दरम्यान तिच्या वकिलांना तिचे केस नीट करून तिला चांगले कपडे चढवावे लागले. पुराव्याइतकेच आरोपीच्या रूपालाही न्यायालयात वजन असते, हे त्यांना उमगले होते.

हा सारा अनुभव घेऊन वॉटकिन्सबाई येल विद्यापीठात प्रा. जॉर्ज पिअर्स बेकर यांच्या नाट्यवर्गात गेल्या आणि तेथे त्यांनी हे नाटक लिहिले. ३० डिसेंबर १९२६ रोजी न्यूयॉर्कच्या म्यूझिक बॉक्स नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला. नायिका रॉक्सी हार्ट हिने प्रियकराचा खून केला आहे. तिचा वकील तिला अश्रू ढाळण्याची तालीम देतो, वार्ताहर तिची कहाणी घडवितात, ज्यूरी तिला सोडते. आणि सुटकेच्या क्षणीच बाहेर दुसरी गोळी सुटते व छायाचित्रकार तिकडे धावतात. प्रेक्षक पोट धरून हसले आणि १७२ प्रयोग झाले. पुढे हे नाटक शिकागोत आले, तेव्हा खुद्द बेल्वा गार्टनर ते पाहण्यास उपस्थित होती. नाटकातील ती बाई म्हणजे आपणच, असे तिने वार्ताहरांना खुशीने सांगितले. जिच्यावर कोरडे ओढले होते, तिनेच त्यांचा हार करून गळ्यात घातला! उपहासाचा याहून पूर्ण पराभव कोणता?

चित्रपटाच्या प्रेक्षकवर्गासाठी मात्र या कथेला नीतीचे ठिगळ लावण्यात आले. १९२७ च्या मूकपटात रॉक्सीचा पती तिला शेवटी घराबाहेर काढतो. १९४२ च्या ‘रॉक्सी हार्ट’ या बोलपटात तर तिने खून केलेलाच नसतो. केवळ प्रसिद्धीसाठी तिने तो स्वतःवर ओढवून घेतलेला असतो. गुन्हेगार स्त्री निर्दोष सुटते आणि वर टाळ्या मिळविते, हे पडद्यावर चालणार नव्हते.

वॉटकिन्सबाईंनी उत्तरायुष्यात या नाटकाचे हक्क देण्याचे सातत्याने नाकारले. आपल्या लेखणीने अपराधाला मोहक केले, ही टोचणी त्यांना लागली होती, असे सांगतात. १९६९ साली त्यांचे निधन झाल्यावर हक्क मोकळे झाले आणि ३ जून १९७५ रोजी बॉब फॉस यांनी दिग्दर्शित केलेले संगीत ‘शिकागो’ रंगभूमीवर आले. आदल्याच वर्षी अध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हावे लागले होते. या नाटकातील पात्रे प्रेक्षकांकडे तोंड करून, त्यांना जणू भागीदार समजूनच बोलतात. ९३६ प्रयोग झाले खरे, तथापि अनेकांना ते थंड आणि तुच्छतावादी वाटले. टोनी पारितोषिकांसाठी अकरा नामांकने असूनही एकही पदरात पडले नाही.

१४ नोव्हेंबर १९९६ रोजी तेच नाटक पुन्हा उभे राहिले, तेव्हा त्याचे अपूर्व स्वागत झाले. नाटकाचा गाभा तोच होता, मधली वीस वर्षे मात्र प्रेक्षकावरून गेली होती. १९९५ साली ओ. जे. सिम्प्सन या क्रीडापटूवरील खुनाचा खटला अमेरिकेने महिनोन्‌महिने दूरचित्रवाणीवर पाहिला होता. १९७५ साली ज्याला अतिशयोक्ती म्हटले, ते आता निव्वळ वास्तव वाटू लागले. हे पुनरुज्जीवन ब्रॉडवेवर सर्वाधिक काळ चाललेले अमेरिकन संगीतनाटक ठरले आणि २००२ च्या चित्रपटाला सहा ऑस्कर मिळाली.

या संगीतनाटकात एक हंगेरियन स्त्री आहे. आपण निर्दोष आहोत, एवढेच तिला इंग्रजीत सांगता येते. तिलाच फाशी होते, आणि ती फाशी जादूच्या खेळासारखी सादर केली जाते. साबेला निट्टीची छाया येथे स्पष्ट दिसते. माझ्या मते नाटकाची खरी कसोटी हाच क्षण आहे. टाळ्यांसाठी उचललेला हात ज्याचा मध्येच थबकतो, त्याला नाटक कळले. बाकीच्यांनी केवळ करमणूक पाहिली.

अमेरिकेला नावे ठेवून मोकळे होण्याचा आपल्याला मात्र अधिकार नाही. १९५९ साली मुंबईत नौदल अधिकारी नानावटी यांच्यावर खुनाचा खटला चालला, तेव्हा ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांची बाजू हिरिरीने उचलली, न्यायालयाभोवती गर्दी लोटली, आणि ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरविले. तो निवाडा उच्च न्यायालयाला फिरवावा लागला. त्या गर्दीत आपलीच माणसे होती.

वॉटकिन्सबाईंच्या नाटकात न्यायाधीश आहे, वकील आहे, वार्ताहर आहे; आरोपीही आहे. परंतु त्यांनी ज्याच्यावर खरे आरोपपत्र ठेवले, तो रंगमंचावर नाहीच. तो तिकीट काढून समोर बसलेला असतो, आणि नाटक संपले की स्वतःला निर्दोष ठरवून घरी जातो.