लॅपटॉपचे अतितापन

लॅपटॉपचे अतितापन म्हणजे लॅपटॉप संगणकाच्या आतील भागांचे, मुख्यतः प्रोसेसर, ग्राफिक्स चिप आणि बॅटरी यांचे तापमान सुरक्षित मर्यादेजवळ किंवा तिच्यापुढे जाण्याची अवस्था होय. वापरात असलेला लॅपटॉप कोमट लागणे स्वाभाविक आहे. त्याला अतितापन म्हणत नाहीत. यंत्र आपला वेग घटवू लागते, वारंवार बंद पडते किंवा बॅटरीला इजा होऊ लागते तेव्हा ही संज्ञा वापरली जाते. बहुतेक उत्पादक आपले लॅपटॉप सुमारे ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी असल्याचे नमूद करतात. मराठवाड्यातील धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या भागात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान अनेकदा ४० अंशांपुढे जाते. त्यामुळे समशीतोष्ण देशांतील वापर गृहीत धरून दिलेला सल्ला येथे तसाच लागू पडत नाही.

उष्णता निर्माण होण्याची प्रक्रिया

प्रोसेसरमधील अब्जावधी ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना वीज खर्च होते आणि तिचे जवळजवळ संपूर्ण रूपांतर उष्णतेत होते. हा खर्च कामाच्या वारंवारतेच्या प्रमाणात, तर विद्युत दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणूनच वेग थोडा कमी केला आणि त्याबरोबर दाबही उतरवला, तर उष्णता बरीच घटते.

निर्माण झालेली उष्णता थर्मल पेस्टच्या पातळ थरातून तांब्याच्या पट्टीवर आणि तेथून हीट पाइपमध्ये जाते. हीट पाइप ही आतून निर्वात केलेली, अत्यल्प पाणी असलेली तांब्याची बंद नळी असते. तिच्या गरम टोकाशी पाण्याची वाफ होते, थंड टोकाशी वाफेचे पुन्हा पाणी होते आणि ते नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून मूळ जागी परतते. थंड टोकाला धातूच्या बारीक पात्यांची जाळी जोडलेली असते. पंखा या जाळीतून हवा ढकलतो व गरम हवा कडेच्या झरोक्यातून बाहेर पडते. हीट पाइपचा शोध यासाठी लागलेला नाही. अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली ती तयार केली आणि पुढे अवकाशयानांत तिचा वापर झाला. लॅपटॉपमध्ये ती १९९० च्या दशकात आली. त्याआधीच्या यंत्रांत उष्णता बाहेर टाकण्याचे काम कवचावर सोपवलेले असे. १९८२ साली विक्रीस आलेल्या ग्रिड कंपास या संगणकाचे मॅग्नेशियमचे कवच त्यासाठीही उपयोगी पडत असे. याउलट २०२० साली आलेल्या ॲपलच्या एम१ चिपच्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही.

बाहेरच्या हवेचा परिणाम

पंखा आणि जाळी मिळून लॅपटॉपला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. ती व्यवस्था केवळ हवेपेक्षा किती अंश अधिक तापायचे, हे ठरवते. समजा एखाद्या लॅपटॉपची रचना अशी आहे, की प्रत्येक वॅटमागे प्रोसेसरचे तापमान हवेपेक्षा २ अंशांनी वाढते. २८ वॅटच्या कामात ही वाढ ५६ अंश होईल. खोलीत २५ अंश असतील तर प्रोसेसर ८१ अंशांवर स्थिरावतो. खोलीत ४२ अंश असतील तर तेच काम ९८ अंशांवर जाते. बहुतेक प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असल्याने पहिल्या स्थितीत १९ अंशांची मोकळीक आहे, दुसऱ्या स्थितीत केवळ दोन. आता जाळीत धूळ बसून प्रत्येक वॅटमागची वाढ २ ऐवजी २.५ अंश झाली असे धरल्यास २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ९५ अंशांवर राहील आणि वापरणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. ४२ अंशांच्या खोलीत मात्र तेच तापमान ११२ अंशांवर जाऊ पाहते. यंत्र तसे होऊ देत नाही. ते वीजवापर सुमारे २३ वॅटपर्यंत खाली आणते आणि काम मंदावते. हिवाळ्यात निर्दोष वाटलेला लॅपटॉप उन्हाळ्यात एकाएकी ‘बिघडतो’, त्यामागे बहुधा हेच गणित असते.

धाराशिव जिल्हा बालाघाटच्या पठारी प्रदेशात असून धाराशिव शहराची उंची समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर आहे. या उंचीवर हवेची घनता किनारपट्टीच्या मानाने सुमारे सहा टक्क्यांनी कमी असते, तापलेली हवा आणखी विरळ होते. पंख्याच्या तितक्याच फेऱ्यांत त्यामुळे थोडी कमी उष्णता वाहून नेली जाते. हा परिणाम लहान आहे. धुळीपुढे तर नगण्यच.

घराच्या बांधणीचा परिणाम त्याहून मोठा असतो. या भागातील जुनी माळवदाची घरे, म्हणजे जाड भिंती आणि लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर असलेली सपाट छपरे, दुपारचे ऊन उशिरापर्यंत आत येऊ देत नसत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हीच जड छपरे आणि भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. त्यानंतर उमरगा-लोहारा परिसरातील अनेक गावांचे पुनर्वसन झाले आणि बांधकामाची पद्धत बदलली. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत उष्णता आत सोडत राहतो. पत्र्याचे छप्पर लवकर तापते, पण सूर्यास्तानंतर लवकर निवतेही. यावरून कामाची वेळ निवडता येते. पत्र्याच्या खोलीत रात्रीचे काम सोयीचे असते. स्लॅबखालच्या खोलीत मात्र रात्रीपेक्षा पहाट बरी. वरच्या मजल्यावर हा फरक अधिक जाणवतो.

लक्षणे

पंखा सतत मोठ्याने फिरणे, साधी कामे अडखळत होणे आणि कळफलकाच्या वरच्या भागास हात लावणे नकोसे होणे ही प्रारंभीची लक्षणे होत. तापमान मर्यादेला पोहोचल्यावर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. यास थ्रॉटलिंग म्हणतात. ऑनलाइन परीक्षेत किंवा प्रवेशअर्ज भरताना पडदा गोठणे हे पुष्कळदा इंटरनेटच्या मंदगतीचे लक्षण समजले जाते, प्रत्यक्षात कारण थ्रॉटलिंग असू शकते. मोबाइलवर तेच संकेतस्थळ नीट चालत असेल तर संशय लॅपटॉपवर घ्यावा. थ्रॉटलिंगनेही तापमान आटोक्यात न आल्यास यंत्र कोणतीही सूचना न देता बंद होते व न साठवलेले काम नष्ट होते. एचडब्ल्यूमॉनिटरसारख्या विनामूल्य साधनांनी आतील तापमान पाहता येते. जड कामात ८० ते ९० अंश दिसणे अनेक लॅपटॉपमध्ये नेहमीचे आहे. काहीही काम सुरू नसताना ७० अंशांपुढे आकडा राहत असेल तर तपासणी आवश्यक ठरते.

उपाय

पहिला उपाय जागेचा आहे. बहुतेक लॅपटॉप तळाकडून हवा आत घेतात आणि कडेने किंवा मागून बाहेर टाकतात. गादी, उशी, सतरंजी किंवा मांडी यांवर ठेवल्यास तळाचे झरोके झाकले जातात. जमिनीवर बसून काम करण्याची सवय असणाऱ्यांना पाट किंवा चौरंग पुरेसा होतो. मागील कडेखाली दोन सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवून यंत्र दोन-तीन सेंटीमीटर उचलल्यास आणखी फरक पडतो. बाजारात मिळणारे पंख्याचे कूलिंग पॅड मुख्यत्वे हेच काम करतात. तळाला झरोके नसलेल्या लॅपटॉपमध्ये त्यांचा उपयोग फारच थोडा होतो.

छताचा पंखा हवेचे तापमान कमी करत नाही, उलट स्लॅबजवळची गरम हवा खाली आणतो. कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर अधिक परिणामकारक ठरतो. हवा ४१ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या फुग्याच्या तापमापकाचे तापमान सुमारे २३ अंश भरते आणि चांगला कूलर या १८ अंशांच्या अंतरापैकी तीन चतुर्थांश अंतर कापू शकतो. म्हणजे झोतातील हवा २७-२८ अंशांपर्यंत उतरते. वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळ्या स्वच्छ असणे आणि समोरची खिडकी उघडी असणे या त्यासाठीच्या अटी आहेत. बंद खोलीत आर्द्रता वाढून परिणाम ओसरतो. लॅपटॉप थेट झोतासमोर ठेवू नये, कारण त्यातून पाण्याचे तुषारही येतात. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की कूलरचा उपयोग बराच कमी होतो, पण तोवर हवेचे तापमानही उतरलेले असते.

लॅपटॉपवर ओले फडके ठेवणे, त्याखाली बर्फाची पिशवी ठेवणे किंवा तो काही वेळ फ्रीजमध्ये ठेवणे हे उपाय घातक आहेत. थंड झालेल्या मदरबोर्डावर बाहेरच्या हवेतील बाष्प साचून शॉर्टसर्किट होऊ शकते. तापून बंद पडलेले यंत्र सावलीत, झरोके मोकळे ठेवून अर्धा तास राहू द्यावे, इतके पुरते.

दुसरा मोठा उपाय धूळ काढण्याचा होय. उन्हाळ्यातील वावटळी, काळ्या मातीची बारीक धूळ आणि ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीनच्या मळणीचा भुसा यांमुळे पंखा आणि जाळी यांच्या मधल्या फटीत नमद्यासारखा थर जमतो. बाहेरून पुसून तो निघत नाही. यंत्र बंद करून, चार्जर काढून, झरोक्यातून थोड्या-थोड्या हवेचे झोत सोडल्यास सैल धूळ निघते. त्या वेळी पंख्याचे पाते बारीक काडीने अडवून धरावे, कारण हवेच्या जोराने ते अतिवेगाने फिरल्यास पंखा निकामी होतो. घट्ट थरासाठी तळाचे झाकण उघडून मऊ ब्रशने सफाई करावी लागते. ग्रामीण भागात ही सफाई वर्षातून दोनदा, मळणीनंतर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर फेब्रुवारीत करणे योग्य. थर्मल पेस्ट काही वर्षांनी वाळते. ती बदलण्याचे काम माहितगाराकडूनच करवून घ्यावे. वॉरंटीतील यंत्र स्वतः उघडण्यापूर्वी तिच्या अटी पाहाव्यात.

सॉफ्टवेअरच्या बाजूने ब्राउझरमधील अनावश्यक टॅब बंद करणे, पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्राम तपासणे आणि वीजबचतीची योजना निवडणे हे सर्वज्ञात उपाय आहेत. विंडोजच्या पॉवर मांडणीत प्रोसेसरची कमाल स्थिती १०० ऐवजी ९९ टक्के ठेवल्यास अनेक लॅपटॉपमध्ये टर्बो वेग बंद होतो. लेखन, हिशेब किंवा ऑनलाइन वर्गासाठी हा वेग सहसा लागत नाही आणि तापमान बरेच खाली येते. पैसा न लागणारा इतका परिणामकारक उपाय दुसरा क्वचितच असेल.

ज्या वस्त्यांत विजेचा दाब कमी असतो तेथे चार्जर तेवढीच शक्ती पुरवण्यासाठी अधिक प्रवाह घेतो व स्वतः जास्त तापतो. तो अंथरुणाखाली किंवा उन्हात राहू नये.

प्रवासातही अतितापन घडते. झाकण मिटल्यावर अनेक नवे लॅपटॉप पूर्ण बंद न होता अर्धवट जागे राहतात आणि पिशवीत गरम होतात. एसटीच्या लांबच्या प्रवासापूर्वी यंत्र पूर्णपणे बंद करणे श्रेयस्कर. उन्हात उभ्या मोटारीत किंवा दुचाकीच्या डिक्कीत लॅपटॉप ठेवू नये.

शरीरावरील परिणाम

गरम लॅपटॉप रोज तासन्‌तास मांडीवर ठेवल्याने त्वचेवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग पडू शकतात. शेकोटी किंवा शेगडीजवळ सतत बसणाऱ्यांत हा विकार पूर्वीपासून माहीत होता. लॅपटॉपमुळे झालेल्या रुग्णांची नोंद २००४ पासून वैद्यकीय नियतकालिकांत होऊ लागली. ऊब थांबवल्यावर डाग सहसा हळूहळू फिके होतात.

बॅटरी

अतितापनाचा सर्वांत गंभीर भाग बॅटरीशी निगडित आहे. लिथियम-आयन बॅटरी चार्ज करण्याची नेहमीची मर्यादा ४५ अंशांपर्यंत असते. ४२ अंशांच्या खोलीत, तापलेल्या प्रोसेसरशेजारी ही मर्यादा सहज ओलांडली जाते आणि यंत्र चार्जिंग थांबवते. तो बिघाड नसून संरक्षण असते. यंत्र निवल्यावर चार्जिंग पुन्हा सुरू होते. पूर्ण भारित अवस्थेत दीर्घकाळ उष्णता सोसल्यास बॅटरीची क्षमता लवकर घटते. त्यामुळे सतत चार्जरला जोडलेल्या लॅपटॉपमध्ये, सोय उपलब्ध असल्यास, चार्जिंगची मर्यादा ८० टक्के ठेवावी.

उष्णतेने किंवा निर्मितीतील दोषाने बॅटरीच्या आत वायू साठून ती फुगते. टचपॅड वर उचलला जाणे, तळाचे झाकण फाकणे किंवा लॅपटॉप सपाट जागेवर डुगडुगणे ही त्याची चिन्हे होत. अशा बॅटरीने पेट घेण्याचा धोका असतो. ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीने सोनीने बनवलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या आगीच्या धोक्यामुळे परत मागवल्या. ॲपलने जून २०१९ मध्ये मॅकबुक प्रोच्या काही जुन्या यंत्रांतील बॅटऱ्या परत मागवल्यावर भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ती यंत्रे विमानप्रवासात नेऊ नयेत असे प्रवाशांना सांगितले होते.

बॅटरी फुगल्याचे दिसताच चार्जर काढून यंत्र बंद करावे, ते कागद व कापडापासून दूर ठेवावे आणि बॅटरी बदलून घ्यावी. ती टोचणे, दाबणे किंवा ‘हवा काढण्याचा’ प्रयत्न करणे अत्यंत धोकादायक आहे. काढलेली बॅटरी उकिरड्यावर टाकू नये, कचऱ्याबरोबर जाळू नये. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तर वापरणाऱ्याने ती घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवून अधिकृत संकलकाकडे द्यावी लागते. गावात असे केंद्र नसल्यास नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याकडे परत करता येते का, हे विचारून घ्यावे.