खड्डा खणण्यापूर्वी

मागच्या महिन्यात गुलमंडीजवळच्या आमच्या जुन्या घराच्या रिडेव्हलपमेंटवर सह्या झाल्या. वर फ्लॅट, खाली दोन मजली बेसमेंट पार्किंग. आईबाबा खूश, मीही खूश. (पुण्याहून आल्यावर गाडी लावायची चिंता मिटली :)) तेवढ्यात आजी म्हणाली, "आपल्या हौदात नहरीचं पाणी यायचं, ते सांगितलंत का त्या बिल्डरला?"

झालं, माझा वीकांत गेला!

जुन्या सिस्टीमला हात लावण्याआधी आपण इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिस करतो ना, तसं जमिनीचंही करता येतं. इंग्लंडमध्ये १९९० पासून ही रीत रुळली आहे. कुदळ मारण्याआधी जुने नकाशे, कागदपत्रं, आसपासचे शोध तपासायचे आणि तीन प्रश्न विचारायचे: इथे कोण कधी राहिलं? त्यातलं काय टिकलं असेल? आणि नव्या बांधकामात किती जाईल?

पहिला प्रश्न सोपा. खडकी नावाच्या गावाचं शहर केलं मलिक अंबरानं, १६१० मध्ये. १६१२ चा भडकल दरवाजा अजून उभा आहे. डोंगरपायथ्याचं पाणी जमिनीखालून शहरात आणणारी नहर त्याचीच. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार! १६१६ मध्ये मुघल सेनापती शाहनवाज खानानं खडकी लुटून जाळली. १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून परत आलेल्या औरंगजेबानं शहराला आपलं नाव दिलं. १६८२ मध्ये तटबंदी झाली. पुढे १७६३ मध्ये निजामानं राजधानी हैदराबादला हलवली आणि शहराचा दिमाख ओसरला. २०२३ मध्ये पुन्हा नाव बदललं, छत्रपती संभाजीनगर. नावं वर बदलत राहिली, खालची माती तीच.

म्हणजे आमच्या अंगणाखाली काय असू शकेल? नहरीची फाटा-नळी, निजामकाळाचा पाया, मुघल खापरं आणि नशीब असेल तर सगळ्यात खाली १६१६ ची राख. राखेवर तारीख लिहिलेली नसते, पण इथे ती इतिहासात लिहिलेली आहे. पुरातत्त्वात अशी लॉटरी रोज लागत नाही.

दुसरा प्रश्न, टिकलं किती? जिथे रस्ते रुंद झाले, दुकानांना तळघरं झाली, तिथलं बहुतेक गेलं. जुने वाडे मात्र पडले की लोक मलबा सपाट करून त्यावरच नवं बांधत. आमच्या घराला तळघर कधीच नव्हतं आणि अंगण तर कुणी खणलेलंच नाही. म्हणजे शक्यता चांगली.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाचून मात्र मी गप्प झालो. इथे काळा पाषाण फार खोल नाही, खडकी हे नावच सांगतं. वस्तीचे थर त्याच्यावरच्या मातीत. दोन मजली बेसमेंट म्हणजे थेट खडकात, म्हणजे थर शंभर टक्के साफ.

कायदा? १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढे २०० मीटर नियंत्रण. आमचं घर त्या कक्षेत नाही. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. मोहरांचा हंडा निघाला तर सरकार येईल. राखेचा थर निघाला तर डंपर येईल.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एक आठवडा थांबायचं म्हणजे भाड्याच्या घराचा एक आठवडा वाढला, आणि आजी ८४ वर्षांची आहे." खरंच आहे. माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं, कारण सही मीही केलीय.

शेवटी एवढं ठरलं: जेसीबी येण्याआधी चार दिवस अंगणात माणसांच्या हातानं एक चर खणायचा, थराथराचे फोटो काढायचे, मोजमापं लिहायची आणि विद्यापीठातल्या इतिहासवाल्यांना बोलवायचं. भाड्याचे पैसे माझ्या खिशातून.

चार दिवसांत चारशे वर्षं मावणार नाहीत, ठाऊक आहे. पण कोडचा बॅकअप असतो, मातीचा नसतो. तुमच्याही जुन्या घराचे कागद निघाले असतील, तर सही करण्याआधी एकदा आजीला विचारून घ्या.

असो. चर खणला की फोटो टाकतोच.