फॉर्म कुणाचा मोजायचा? पालवणकर बंधू आणि कर्णधारपदाचा वाद

३ जानेवारी २०२५. सावित्रीमाईंची जयंती. १ तारखेला भीमा कोरेगावला मानवंदना देऊन आलेली आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकची पोरं पहाटे पाचलाच कट्ट्यावर शेकोटी करून बसली होती. सिडनी कसोटी सुरू झाली होती. नाणेफेकीला रोहित शर्माऐवजी जसप्रीत बुमराह आला आणि कट्ट्यावर भांडण पेटलं. कर्णधारच संघाबाहेर! त्या मालिकेत रोहितच्या पाच डावांत मिळून ३१ धावा, म्हणजे सरासरी सहाच्या थोडी वर. कोहलीचं पर्थचं शतक सोडलं तर हाताशी काही नाही. सर्फराज खान मात्र एकही कसोटी न खेळता अख्खी मालिका बाकावर बसलेला. "फॉर्म नसंल तर कॅप्टन असला तरी बाहेर," असं एक जण म्हणाला, आणि दुसरा त्याच्या अंगावर धावून गेला.

आम्हाला विचाराल तर रोहितनं बाजूला होणं बरोबरच होतं. पण आमचं डोकं दुसरीकडंच गेलं होतं. १४ एप्रिलच्या आमच्या टेनिस बॉल स्पर्धेच्या चषकाला नाव द्यायचं होतं आणि आम्ही 'पालवणकर बाळू' हे नाव सुचवलं होतं. तेवढ्यात एका पोरानं मोबाइल पुढं केला. "दादा, ह्योच ना बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिलेला? आन् आपण जयंतीला त्याचं नाव द्यायचं?"

प्रश्न खरा आहे. शेकोटीवर दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा नाही, म्हणून हा लेख.

बाळू म्हणजे चर्मकार समाजातला, मूळ रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुटुंबातला, लष्करातल्या शिपायाचा मुलगा. त्याचं क्रिकेट घडलं ते आपल्या पुण्यात. आधी पारशांच्या मैदानावर झाडलोट, मग १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात महिना चार रुपये पगारावर नोकरी. रोलर फिरवायचा, जाळ्या लावायच्या, रेषा आखायच्या. साहेबांना सरावासाठी कुणीतरी चेंडू टाकणारा हवा होता, म्हणून याच्या हातात चेंडू आला. जे. जी. ग्रेग हा तिथला नावाजलेला फलंदाज. आपल्याला बाद केलंस तर प्रत्येक वेळी आठ आणे देईन, असं त्यानं बाळूला सांगितल्याची गोष्ट रामचंद्र गुहा यांनी 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' या २००२ च्या पुस्तकात दिली आहे. तासन् तास, वर्षानुवर्षं बाळूनं त्या जाळ्यात डावखुरी फिरकी टाकली. बॅट मात्र त्याच्या हातात कुणी दिली नाही.

इथं थोडं थांबून 'लगान'ची आठवण करून द्यावीशी वाटते. त्यातला कचरा आठवतो ना? अस्पृश्य, हातानं अधू, आणि चेंडू वळतो तो त्या अधू हातामुळं. आमच्या माणसाचं कौशल्य दाखवायचं झालं तरी ते निसर्गाचा अपघात म्हणून दाखवायचं! बाळूचा चेंडू वळत होता तो घामानं. फरक साधा नाही.

मग पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबला गोऱ्यांना हरवायचं होतं. बाळूला घ्यावं की न घ्यावं यावर बरीच चर्चा झाली आणि अखेर घेतलं. मैदानात तोच चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरायचा. चहाच्या सुट्टीत मात्र बाकीचे पॅव्हेलियनमध्ये, आणि बाळू बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा पीत. जेवणाचं ताटही वेगळं. न्या. रानड्यांनी म्हणे या मंडळींना सुनावलं होतं, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत? पुढं बाळू मुंबईला गेला. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून आणि रेल्वेच्या संघाकडून खेळला. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, तेव्हा त्या संघात बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम असे दोघे होते.

१९११ मध्ये पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार कोण? पतियाळाचे महाराज. कोणत्या फॉर्मवर? गादीच्या. संघ २३ सामने खेळला, ६ जिंकला, १५ हरला. महाराज सुरुवातीच्या काही सामन्यांनंतर मैदानापेक्षा मेजवान्यांतच जास्त दिसले. त्या पडक्या संघात बाळूनं सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले, १८.८४ च्या सरासरीनं. खांदा दुखत असताना. मुंबईत परतल्यावर अस्पृश्य समाजानं त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचं मानपत्र लिहिणारा तरुण होता भीमराव रामजी आंबेडकर, असं गुहा नोंदवतात. तेव्हा बाबासाहेब एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते.

म्हणजे गुणवत्ता सिद्ध झाली. आकडे झाले, इंग्लंड झालं, सत्कार झाले. मेरिटवाल्यांच्या हिशोबानं पुढची पायरी कर्णधारपदाची. ती आली नाही. चौरंगी सामन्यांत, म्हणजे हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन यांच्या दरवर्षीच्या स्पर्धेत, बाळूचं नाव पुन्हा पुन्हा निघे आणि मागं पडे. कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी स्वतः जाहीरपणे म्हटलं होतं, की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूला मिळायला हवा होता. पै यांचा मोठेपणा मान्य. पण निवड करणाऱ्यांना पैंचं म्हणणंही पटलं नाही.

आता १९२० कडं या, कारण खरी गोष्ट तिथं आहे. बाळू ४४ वर्षांचे झाले होते आणि मुस्लिम संघाविरुद्धच्या पहिल्या सामन्यातून त्यांना वगळलं. ठीक आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी फॉर्मचा प्रश्न निघू शकतो, आम्हीही काढला असता. पण त्याच वेळी पै आजारी पडले आणि कर्णधार नेमायची वेळ आली. संघात शिवराम होते. विठ्ठल होते, त्या काळातल्या सर्वोत्तम हिंदू फलंदाजांपैकी एक, ऐन भरातले. कर्णधारपद गेलं पुण्याच्या दि. ब. देवधरांकडं. देवधर उत्तम फलंदाज होते, पुढं १९२६ मध्ये एमसीसीविरुद्ध त्यांनी १४८ धावा काढल्या. त्यांच्या खेळाबद्दल आमचं भांडण नाही. पण १९२० मध्ये ते वयानं आणि अनुभवानं पालवणकरांपेक्षा लहान होते. इथं फॉर्मचा मुद्दा कुणी काढला नाही. बाळूंना बाहेर ठेवताना फॉर्म, आणि त्यांच्या भावांना डावलताना गप्प!

शिवराम आणि विठ्ठल यांनी काय केलं? त्यांनी संघातून अंग काढून घेतलं. आणि घरी जाऊन बसले नाहीत. निवेदन काढलं आणि वर्तमानपत्रात छापून आणलं. आम्हाला डावललं ते आमच्या जातीमुळं, असं स्वच्छ लिहिलं. महाडच्या सत्याग्रहाला अजून सात वर्षं होती. 'मूकनायक' त्याच वर्षी, ३१ जानेवारीला सुरू झालेला. अशा काळात दोन अस्पृश्य खेळाडू हिंदू जिमखान्याला सांगतात की आमच्याशिवाय खेळा. गावकुसाबाहेरच्या माणसानं गावाचं काम थांबवावं तसं ते होतं. शहरात गवगवा झाला. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी पै परत आले, भाऊ परत आले, आणि वगळलेले बाळूही संघात आले, तेसुद्धा उपकर्णधार म्हणून! सामना चालू असताना पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी संघाची सूत्रं सांभाळली. पंधरा-वीस वर्षं बळी घेऊन जे झालं नाही ते एका बहिष्कारानं झालं, अर्धंमुर्धं का होईना.

पूर्ण व्हायला १९२३ उजाडलं. विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्याच वर्षी युरोपियनांना हरवून चौरंगी सामने जिंकले. त्यांच्या नेतृत्वाखाली १९२५ आणि १९२६ मध्येही हिंदूच जिंकले. विठ्ठल यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं, १९४८ मध्ये. इंग्रजीत येऊन गुहांनी सांगेपर्यंत आमच्यातल्या किती जणांना ते ठाऊक होतं? आम्हालाही नव्हतं, हे कबूल करतो.

आमच्या लहानपणी आम्ही एका गावच्या संघातून खेळायचो. आमच्या वस्तीतला एक पोरगा असा वेगवान की नवा चेंडू नेहमी त्याच्याच हातात. पण क्षेत्ररक्षण लावणार दुसरा, कुणाला कुठल्या नंबरवर पाठवायचं ते ठरवणार दुसरा, आणि बक्षीस घेताना फोटोत मधोमध उभा राहणारही दुसरा. त्याला कुणी कधी शिवी दिली नाही. चेंडू हातात दिला होता की! चेंडू देणं आणि निर्णय देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला आम्हाला पालवणकर वाचावे लागले.

वेस्ट इंडिजचंही असंच. गोलंदाजी काळ्यांची, फलंदाजी काळ्यांची, नेतृत्व गोऱ्यांचं. जॉर्ज हेडलीसारख्या फलंदाजाला १९४८ मध्ये एका कसोटीपुरतं कर्णधारपद मिळालं. सी. एल. आर. जेम्स यांनी त्रिनिदादच्या 'द नेशन' या वर्तमानपत्रातून मोहीम चालवली, तेव्हा कुठं १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर फ्रँक वॉरेल पूर्ण मालिकेचा पहिला काळा कर्णधार म्हणून गेला. तिथंही धावांनी काम झालं नाही, लेखणी आणि लोक लागले. आणि आपल्याकडं? १९३६ मध्ये इंग्लंडला भारताचा कर्णधार म्हणून विजयनगरमचे महाराजकुमार गेले. तीन कसोटींतल्या सहा डावांत ३३ धावा. रोहितच्या ३१ धावांवर भांडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. त्यांना कुणी वगळलं नाही. उलट संघातला उत्तम खेळाडू लाला अमरनाथ यांनाच पहिल्या कसोटीआधी घरी पाठवलं.

कट्ट्यावर विनोद कांबळीचं नाव निघालंच. १७ कसोटी, १०८४ धावा, सरासरी ५४.२०, लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतकं, आणि शेवटची कसोटी वयाच्या २३ व्या वर्षी. वेस्ट इंडिजविरुद्धची मालिका वाईट गेली होती, हेही खरं. किती संधी कुणाला, हा प्रश्न विचारायलाच हवा. पण संशयावर लढाई उभी राहत नाही. पालवणकरांची बाजू भक्कम आहे ती यासाठी, की त्यांनी आरोप स्वतःच्या नावानं, त्याच वेळी, छापून केला.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडं. हो, बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेनंतर त्यांनी धर्मांतराला विरोध केला. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यांना मुंबईत बाबासाहेबांसमोर उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं मिळाली, बाळूंना ११,२२५. फरक २,०२० मतांचा. ही लढत अटीतटीची होती आणि काँग्रेसला बाळूंचं नाव का हवं होतं, हे न कळण्याइतके आपण भोळे नाही. ज्या हिंदू समाजानं त्यांना कर्णधारपद दिलं नाही, त्याच समाजाच्या पुढाऱ्यांना आता आमच्या नेत्याला पाडायला आमचाच माणूस हवा होता. चेंडू पुन्हा त्यांच्या हातात दिला गेला, आणि क्षेत्ररक्षण पुन्हा दुसऱ्यानंच लावलं. बाळूंनी तो स्वीकारला. ती चूक होती असं आम्ही मानतो, आणि ती झाकून चषकाला नाव देऊ नये.

पण त्यांना आपण सोडून दिलं तर ते कुणाकडं जातील? 'हिंदू क्रिकेटचे आद्य तारे' म्हणून त्यांची तसबीर कुठं लागेल, याचा विचार करा. मातीचं भांडं त्या तसबिरीतून पुसलं जाईल, १९२० चं निवेदन पुसलं जाईल. देवधरांच्या नावानं बीसीसीआयनं करंडक सुरू केला. पालवणकरांच्या नावानं त्यांची एकही स्पर्धा नाही. ज्या माणसाला तरुण बाबासाहेबांनी मानपत्र लिहिलं, त्याच्याशी पंचवीस वर्षांनी त्यांनी निवडणूक लढवली आणि जिंकली. दोन्ही गोष्टी एकाच इतिहासात आहेत. एक ठेवून दुसरी फेकायची सोय नाही.

हे सगळं आम्ही कट्ट्यावर सांगितलं तेव्हा ऊन वर आलं होतं आणि दोघं-तिघं उसाच्या पाण्याची पाळी म्हणून निघून गेले होते. मोबाइलवाला पोरगा पूर्ण पटला नाही. त्याचं म्हणणं, चषक विठ्ठलच्या नावानं द्या, कर्णधारपद त्यानं मिळवलं. आणि बाळूचं नाव उत्कृष्ट गोलंदाजाच्या बक्षिसाला. सूचना वाईट नाही. दुसऱ्यांना चषकाला बाळूच हवा आहे. रविवारी संध्याकाळी विहारात बैठक आहे. एक गोष्ट मात्र त्याच दिवशी ठरली: यंदा आमच्या संघाचा कर्णधार कोण, हे खेळणाऱ्या अकरा जणांनी चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. वर्गणी जास्त देणाऱ्याला त्यात मत नाही.

जय भीम.