यू-शेप किचन करायचंय? आधी मधली जमीन मोजा

नव्या फ्लॅटची चावी मिळायच्या आधीच किचनचे फोटो सेव्ह करणं सुरू होतं. त्यात यू-शेप किचन हमखास असतं. तीन भिंतींना लागून फिरलेला ओटा, खाली ट्रॉल्या, वर कपाटं आणि मधे उभं राहिलं की सगळं हाताशी. फोटोत नीट दिसत नाही ती ओट्यांच्या मधे उरलेली जमीन. यू-शेप जमणार की नाही, हे तिच्यावरच ठरतं.

हिशेब सोपा आहे. ओटा भिंतीपासून साधारण २ फूट पुढे येतो. समोरासमोर दोन ओटे आले की ४ फूट गेले. किचनची रुंदी ८ फूट असेल तर मधे ४ फूट उरतात, ७ फूट असेल तर ३. अमेरिकेतली नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशन एका माणसाच्या स्वयंपाकासाठी ४२ इंच आणि एकापेक्षा जास्त जण असतील तर ४८ इंच मोकळी जागा सुचवते. म्हणजे ४ फूट ही काही चैन नाही. ३ फुटांत एकट्याचं काम निभावतं, पण ट्रॉली पूर्ण उघडली की ती २० इंचांच्या आसपास बाहेर येते आणि उभं राहायला जेमतेम सव्वा फूट उरतो. दिवाळीच्या फराळाला दोघं-तिघं आत असतील, तर एकाने बाहेर पडल्याशिवाय दुसऱ्याला फ्रिज गाठता येणार नाही.

आता नियम बघू. नॅशनल बिल्डिंग कोडनुसार जेवणाची जागा वेगळी असेल, तर किचन किमान ५ चौरस मीटरचं आणि किमान १.८ मीटर रुंद हवं. १.८ मीटर म्हणजे सहा फुटांनाही किंचित कमी. अशा किचनमध्ये तिन्ही बाजूंना ओटा घातला तर मधे धड दोन फूटही राहत नाहीत. बिल्डरने नियमात बसणारं किचन दिलं म्हणजे त्यात यू-शेप बसेलच, असं अजिबात नाही.

७ फुटांच्या किचनसाठी एक मधला मार्ग आहे. एका बाजूचा ओटा दीड फूटच ठेवायचा. त्यावर सिंक नको, शेगडी नको. मिक्सर, डबे आणि चहाचं सामान पुरे. मग मधे साडेतीन फूट, म्हणजे बरोबर ४२ इंच मिळतात. माप मात्र ब्रोशरवरून घेऊ नका. भिंतींना टाइल्स लागल्यावर टेपने घ्या, कारण प्लास्टर आणि टाइल्स दोन्ही बाजूंनी थोडी थोडी जागा खातात. मग जमिनीवर खडूने ओट्याच्या रेषा काढून दोघांनी एकमेकांना ओलांडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

तीन भिंती खरंच मोकळ्या आहेत का?

पुण्या-मुंबईच्या कितीतरी फ्लॅटमध्ये किचनला लागून ड्राय बाल्कनी असते. भांडी घासणं, वॉशिंग मशीन, कपडे वाळत घालणं, सगळं तिथे. तिचं दार अनेकदा टोकाच्या भिंतीत असतं, म्हणजे यूचा तळ जिथे यायला हवा तिथेच. हे दार ठेवलं तर यू तुटतो आणि दोन समांतर ओटे उरतात. त्यात फार वाईट वाटण्यासारखं काही नाही, कारण समांतर किचनमध्ये अडचणीचे कोपरेच नसतात. दार बंद करून यू पूर्ण करण्याचा हट्ट धरला, तर ओली भांडी आणि कपड्यांची बादली घेऊन रोज दुसरीकडून फिरावं लागेल.

‘दार जरा बाजूला सरकवू’ हेही दरवेळी शक्य नसतं. मिव्हान पद्धतीने बांधलेल्या इमारतींत भिंती काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार त्याच पेलतात, त्यामुळे त्या फोडता येत नाहीत. सिंक दुसऱ्या भिंतीवर न्यायचं असेल तर सांडपाण्याच्या पाइपला उतार मिळायला हवा. तो चुकला की पाणी तुंबतं, आणि जोड गळला तर खालच्या घराच्या छताला ओल येते. म्हणून सोसायटीची लेखी परवानगी आधी, तोडफोड नंतर.

शेगडी, सिंक, फ्रिज कुठे?

फ्रिज, सिंक आणि शेगडी यांना जोडणारा ‘वर्क ट्रँगल’ ही कल्पना १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात पुढे आली. त्रिकोणाची प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट आणि तिन्ही मिळून २६ फुटांच्या आत, असा त्याचा रूढ ठोकताळा. यू-शेपमध्ये तीन गोष्टी तीन बाजूंना ठेवल्या की तो सहसा आपोआप जमतो. फ्रिज यूच्या टोकाला, दाराजवळ ठेवावा. पाण्याची बाटली घ्यायला आलेला माणूस मग शेगडीपर्यंत येत नाही.

या त्रिकोणात पोळपाट मात्र कुठेच नाही. रोज पोळ्या किंवा भाकरी होणाऱ्या घरात शेगडीला लागून किमान दोन फूट सलग रिकामा ओटा हवा, नाहीतर परात एकीकडे आणि तवा दुसरीकडे. शेगडी अगदी कोपऱ्यात ढकलू नये, तिथे कोपर भिंतीला लागतं. वास्तूप्रमाणे पूर्वेकडे तोंड हवं असेल, तर यूमध्ये पर्याय जास्त मिळतात हे खरं, पण पाइप गॅसचा पॉइंट कुठे दिलाय ते आधी बघावं.

सिलिंडर असेल तर तो उभाच आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर हवा. सुरक्षा नळी जास्तीत जास्त दीड मीटरची असते, त्यामुळे सिलिंडर समोरच्या ओट्याखाली ठेवण्याचा विचारही करू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झालीच तर तो खाली साचतो, म्हणून त्या कपाटाला तळाशी जाळी हवीच.

ओट्याची उंची कोपरापासून ४ ते ६ इंच खाली धरतात. माप रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचं घ्यायचं. हॉब न बसवता शेगडी ओट्यावर ठेवणार असाल तर कढई आणखी चार-पाच इंच वर जाते, तेही धरा.

कोपरे आणि कोटेशन

यू-शेपला दोन कोपरे असतात आणि प्रत्येकी साधारण २ फूट बाय २ फूट जागा तिथे अडकते. बाहेर सरकणारी किंवा गोल फिरणारी जाळी बसवता येते, पण ती महाग पडते. वर्षातून दोनदा लागणारी मोठी पातेली ठेवायची असतील तर साधं कपाटही चालतं. कोपऱ्यालगतच्या दोन ट्रॉल्यांमध्ये दोन-तीन इंचांची पट्टी सोडायला मात्र सांगा. ती नसेल तर दोघींची हँडल्स एकमेकांवर आदळतात.

मॉड्युलर किचनचा दर अनेक ठिकाणी रनिंग फुटावर सांगतात आणि याच कोपऱ्यांपाशी हिशेब फिरतो. समजा, टोकाची भिंत ८ फूट आणि दोन्ही बाजूंचे ओटे त्या भिंतीपासून ७-७ फूट. तिन्ही मापं सरळ जोडली तर २२ फूट होतात. पण दोन्ही कोपरे त्यात दोनदा मोजले गेले. ते एकदाच धरले तर १८ फूट. चार फुटांचा हा फरक कोटेशनमध्ये कसा धरलाय आणि कोपऱ्यातल्या जाळीचे पैसे त्यात आहेत की वेगळे, हे ॲडव्हान्स देण्याआधी लिहून घ्यावं.