जुनी मोटार, वऱ्हाडचे ऊन आणि खारे पाणी

अमरावती व अकोला परिसरात वापरलेली मोटार विकत घेणाऱ्यांची पहिली कसोटी उन्हाळ्यात लागते. मे महिन्यात येथील पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नवे नाही. हिवाळ्यात खरेदी केलेली आणि सुरळीत चालणारी गाडी एप्रिल उजाडताच गरम होऊ लागते, दुपारी बंद पडते किंवा सकाळी सुरूच होत नाही. असे बहुतेक बिघाड आरंभी किरकोळच असतात. मात्र ते ओळखता आले नाहीत, तर काही शे रुपयांच्या कामाचे रूपांतर इंजिन उघडण्यात होते. म्हणून सुटे भाग बदलत बसण्यापूर्वी लक्षणांवरून कारण शोधणे हिताचे ठरते.

रेडिएटरमध्ये कोणते पाणी?

जुन्या गाडीच्या आधीच्या देखभालीची खात्रीलायक नोंद क्वचितच मिळते. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून आतील द्रव पाहावा. तो तांबूस व गढूळ असल्यास आत गंज आहे, असे समजावे.

या भागात आणखी एक विशेष कारण संभवते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूजल क्षारयुक्त आहे. विहिरीचे किंवा बोअरचे असे पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले गेल्यास तापलेल्या भागांवर क्षारांचा थर बसतो, नलिका अरुंद होतात आणि ॲल्युमिनियमचे भाग झिजतात. अशा वेळी संपूर्ण यंत्रणा धुऊन घ्यावी. त्यानंतर कूलंट व डिस्टिल्ड वॉटर उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात भरावे. कूलंटमुळे द्रवाचा उत्कलनबिंदू वाढतो आणि गंजालाही आळा बसतो.

गाडी केव्हा गरम होते?

तापमान दर्शविणारा काटा कोणत्या प्रसंगी वर चढतो, यावरून बिघाडाचा अंदाज करता येतो. अमरावतीच्या राजकमल चौकातील गर्दीत काटा चढत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर उतरत असेल, तर रेडिएटरचा पंखा, त्याचा फ्यूज, रिले किंवा तापमानाचा स्विच तपासावा. मोकळ्या रस्त्यावर वाऱ्यामुळे होणारे काम गर्दीत पंख्यालाच करावे लागते.

याउलट, मूर्तिजापूरच्या पुढे महामार्गावर वेगात असताना काटा चढत असेल, तर कूलंटची कमतरता, चोंदलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा कमकुवत वॉटर पंप यांकडे संशयाची सुई जाते. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला दरम्यान राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण होऊन त्याची गिनेस बुकात नोंद झाली. चांगल्या रस्त्यावर गाडी सलग वेगात धावते, तेव्हा रेडिएटरमधील उणीव लवकर उघड होते.

काटा लाल रेषेकडे सरकू लागताच वातानुकूलन बंद करावे, हीटर सुरू करावा आणि सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी. हीटरमुळे इंजिनातील काही उष्णता बाहेर पडते. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कदापि उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी उसळून गंभीर इजा होते. तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरमध्ये एकदम थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाण्याचा धोका असतो.

कूलंट रोज कमी होते, पण बाहेर गळती दिसत नाही, डिपस्टिकवरील तेल दुधाळ झाले आहे, धुराड्यातून पांढरा धूर येत राहतो, ही लक्षणे एकत्र दिसल्यास हेड गॅस्केट निकामी झाल्याची शक्यता असते. अशी गाडी चालवत नेऊ नये, ओढूनच न्यावी.

सुरू न होणारी गाडी

किल्ली फिरवल्यावर केवळ 'टक' असा आवाज आला, तर प्रथम बॅटरीचे टर्मिनल पाहावेत. त्यांवर जमलेली पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने स्वच्छ करून जोडणी घट्ट करावी. विश्रांत अवस्थेत चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू असताना हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. तो वाढतच नसेल, तर दोष बॅटरीचा नसून अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा असू शकतो. उन्हाळ्यात बॅटरीतील पाणी लवकर आटते. त्यातही नळाचे वा बोअरचे नव्हे, तर डिस्टिल्ड वॉटरच घालावे.

सेल्फ व्यवस्थित फिरतो, तरीही कार्ब्युरेटर असलेली जुनी गाडी भर दुपारी बंद पडते आणि थंड झाल्यावर आपोआप सुरू होते, अशी तक्रार असल्यास इंधननळीत पेट्रोलची वाफ अडकली असण्याचा संभव असतो. नळी इंजिनाच्या गरम भागाला टेकलेली नाही ना, हे पाहावे. आता पंपांवरील पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल असते. त्यामुळे जुन्या रबरी नळ्या व गॅस्केट यांना चिरा पडल्या आहेत का, हेही तपासावे. पेट्रोलचा वास येत असल्यास गाडी सुरूच करू नये.

टायर आणि ब्रेक

टायरच्या बाजूवरील चार अंकी क्रमांक त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतो. नक्षी शाबूत असली, तरी जुना रबर उन्हात कडक होतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि तापल्यावर त्याची वाफ होऊन पेडल खाली जाते. ते साधारण दर दोन वर्षांनी बदलावे. चिखलदऱ्याचा घाट उतरताना खालचा गिअर ठेवून ब्रेकवरील भार कमी करावा.

द्रव, टर्मिनल, फ्यूज आणि हवा यांची तपासणी घरी करता येते. ब्रेक, इंधनगळती आणि टायमिंग बेल्ट ही कामे मात्र जाणकार मेकॅनिककडेच सोपवावीत. केलेल्या प्रत्येक कामाची तारीख व किलोमीटर वहीत नोंदवल्यास पुढील बिघाडाचे कारण शोधणे सुकर होते आणि गाडी विकतानाही ती नोंद उपयोगी पडते.