एलिझाबेथकालीन रंगभूमीवरील वाचिक अभिनय

इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ (कार. १५५८–१६०३) हिच्या काळात लंडनच्या व्यावसायिक नटांनी रूढ केलेली व तिच्यानंतर १६४२ पर्यंत टिकून राहिलेली संवादोच्चारणाची पद्धती. त्या काळी नेपथ्य जुजबी असे आणि प्रयोग दुपारच्या उजेडात होत. रात्र, वादळ, राजवाडा किंवा रणांगण यांची जाणीव मुख्यतः शब्दांतूनच करून द्यावी लागे. प्रेक्षक नाटक ‘ऐकावयास’ जातात, असा तत्कालीन वाक्‌प्रचारही होता.

या वाचिक अभिनयावर नाट्यगृहांच्या रचनेचा मोठा प्रभाव पडला. जेम्स बर्बिज याने १५७६ मध्ये शोरडिच येथे ‘द थिएटर’ हे नाट्यगृह उभारले. पुढे ‘रोझ’ (१५८७) व ‘ग्लोब’ (१५९९) ही नाट्यगृहे झाली. ती लाकडी, बहुकोनी व मध्यभागी आकाशास खुली असत. रंगमंच मधल्या चौकात पुढे आलेला असून त्याच्या तीन बाजूंस पिटातील उभे प्रेक्षक व त्यांच्यामागे सज्जे असत. ‘ग्लोब’मध्ये सु. ३,००० प्रेक्षक मावत असावेत. तथापि प्रेक्षक नटापासून फार दूर नसत. १९८९ च्या उत्खननात ‘रोझ’चा व्यास केवळ सु. २२ मी. असल्याचे आढळले. त्यामुळे नटापुढील खरी अडचण अंतराची नसून दिशेची व गलबल्याची होती. कोणत्याही क्षणी काही प्रेक्षक त्याच्या पाठीशी असत. अशा वेळी मोठ्या आवाजापेक्षा सुस्पष्ट उच्चार व आवाजातील चढउतार अधिक उपयोगी पडत.

नाटके बव्हंशी निर्यमक पद्यात लिहिली जात. क्रिस्टोफर मार्लो (१५६४–९३) याने या पद्याला रंगभूमीवर भारदस्त नाद दिला आणि एडवर्ड ॲलिन (१५६६–१६२६) हा नट मार्लोच्या नायकांच्या भूमिकांमुळे विख्यात झाला. ओळीतील नियमित आघातांमुळे संवाद पाठ करणे व श्वासाचे नियमन करणे सुकर होई. नटाला संपूर्ण नाटक न देता केवळ त्याची ‘नक्कल’ दिली जाई. तीत त्याचे संवाद व प्रत्येक संवादाआधीचे दोन-तीन सूचक शब्द एवढेच असत. रॉबर्ट ग्रीनच्या ऑर्लँडो फ्यूरिओसो या नाटकातील ॲलिनची अशी नक्कल लंडनच्या डलिच कॉलेजात जतन केलेली आहे. सामूहिक तालमी थोड्या होत आणि नाटके वरचेवर बदलत. साहजिकच सहनटाचे बोलणे कान देऊन ऐकणे, हाही वाचिक अभिनयाचाच भाग ठरला.

स्त्रीभूमिका मुलगे करीत. आवाज फुटणे ही त्यांच्या दृष्टीने मोठी आपत्ती होती. हॅम्लेट नाटकात आलेल्या नटमंडळीतील मुलाचा आवाज फुटला नसावा, अशी चिंता राजपुत्र व्यक्त करतो. अ मिडसमर नाइट्स ड्रीम मध्ये दाढी फुटू लागलेल्या कारागिराला मुखवटा घालून बारीक आवाजात बोलण्यास सांगितले जाते.

त्या काळचा वाचिक अभिनय वक्तृत्वप्रधान होता की स्वाभाविक, याविषयी विसाव्या शतकात अभ्यासकांत मतभेद होते. ग्रामर स्कूलमध्ये शिकविल्या जाणाऱ्या वक्तृत्वशास्त्रात स्वर व हावभाव यांचे नियम असत, त्यावरून बी. एल्. जोसेफ यांनी १९५१ मध्ये पहिला पक्ष मांडला. उलटपक्षी, हॅम्लेट नटांना सहजतेने बोलण्यास सांगतो आणि आरडाओरड करणाऱ्यांची दवंडीवाल्यांशी तुलना करून निर्भर्त्सना करतो. मात्र हा उपदेश द्यावा लागला, यावरूनच आरडाओरडीचा दोष प्रचलित होता हेही सूचित होते. रिचर्ड बर्बिज (सु. १५६८–१६१९) हा भूमिकेशी तद्रूप होणारा नट म्हणून गौरविला गेला. दोन्ही प्रवृत्ती एकाच काळात, कित्येकदा एकाच नाटकात नांदत होत्या, असे मानणे युक्त ठरते.

संसदेने १६४२ मध्ये नाट्यगृहे बंद केली. १६६० नंतर रंगभूमी पुन्हा सुरू झाली, तेव्हा छताखालील नाट्यगृहे व स्त्री नटी यांमुळे जुनी परंपरा बव्हंशी खंडित झाली. लंडनमध्ये १९९७ साली खुल्या झालेल्या ‘ग्लोब’च्या प्रतिकृतीत २००४ मध्ये भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांच्या मार्गदर्शनाखाली रोमिओ अँड ज्यूलिएट चे प्रयोग तत्कालीन उच्चारांनुसार झाले. यमके व श्लेष यांवरून हे उच्चार अनुमानित करता येतात. नटांचा स्वर आणि त्याची लय मात्र नाट्यसंहितांतूनच तर्काने जाणावी लागते.